देवळातल्या बैठकीला मी गेले नाही

आमच्याकडे सरपंच नसतो, अध्यक्ष असतो. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या हद्दीला लागून असलेल्या पट्ट्यातलं आमचं गाव. २०२० च्या डिसेंबरात ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या, त्यात महिला राखीव जागेवर मी सदस्य झाले. कर्नाटकात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. म्हणून बैठकीत निम्म्या खुर्च्यांवर बायकाच दिसतात असं समजू नका. कुणाचा नवरा, कुणाचा दीर ‘ती घरात कामात आहे, मीच आलो’ म्हणत येऊन बसतो. असो. घरपट्टी, पथदीप, गटार, नरेगाची बिलं हे सगळं करता करता अंगवळणी पडलं. घरात मार खाणाऱ्या बाईसाठी पंचायतीनं काय करायचं, हे मी आमच्या गल्लीतल्या एका सुनेबरोबर फिरून शिकले. तिनं लिहायला हरकत घेतलेली नाही. गावाचं नाव आणि ओळख पटेल अशा गोष्टी गाळल्यात.

तिचं माहेर चंदगड तालुक्यातलं. इकडच्या मुली तिकडे, तिकडच्या इकडे, हे पूर्वापार चालत आलंय. सोयरीक जुळवताना सीमा कुणाला आठवत नाही. नवरा बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. घर सासूच्या नावावर, पदरात एक अंगणवाडीत जाणारी मुलगी. तिच्याबद्दल मला पहिल्यांदा सांगितलं ते अंगणवाडीच्या टीचरनी. ‘मुलीला न्यायला येते आणि घरी जायचं नावच घेत नाही. पाटीवरची अक्षरं पुसत बसते,’ त्या म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं जाऊन बसले. तिला पंचायतीत बोलावणं शक्यच नव्हतं, कारण तिचा चुलत सासरा आमच्यातलाच एक सदस्य. अंगणवाडीत मात्र बाई कितीही वेळ बसली तरी कोण विचारतोय?

ती लगेच काही बोलली नाही. मग तिनं मुलीच्या दप्तरातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद काढला. समजुतीचा कागद. वर्षभरापूर्वी देवळात पंच बसले होते तेव्हाचा. नवऱ्यानं यापुढे हात उचलायचा नाही, आणि तिनं सासूला विचारल्याशिवाय माहेरी जायचं नाही, असं शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या होत्या. खाली पाच पंचांच्या सह्या आणि शेजारी आमच्या ग्रामपंचायतीचा गोल शिक्का. तो बघून मला कसंतरीच झालं. त्या शिक्क्याला कायद्यात कवडीची किंमत नाही. पण तिला हे कोण सांगणार? तिच्या लेखी सरकारनंच तिचं माहेर बंद केलं होतं. मधल्या काळात नवऱ्यानं हात उचलला, तर कुणी त्याला जाब विचारला नाही. ती मात्र भावाच्या मुलाच्या बारशाला न विचारता गेली, तर पंचांनी घरी येऊन तिलाच सुनावलं.

‘आता परत बैठक लावायची म्हणतात,’ ती म्हणाली. ‘आक्का, तुम्ही तरी बसा की. बाईमाणूस असली म्हणजे बरं.’

मी नाही म्हटलं. तिला वाईट वाटलं, ते तोंडावर दिसत होतं. पण मी बसले असते तर त्या कागदावर आणखी एक सही वाढली असती, एवढंच. देवळातल्या बैठकीबद्दल माझं मत गावाला आवडत नाही. बांधाचं भांडण, पाण्याची पाळी, जनावर शेतात शिरलं, असल्या गोष्टी पंच बसून मिटवतात आणि चांगल्या मिटवतात, कोर्टापेक्षा लवकर. त्यात दोन्ही बाजू थोडं थोडं सोडतात. मार खाणाऱ्या बाईनं काय सोडायचं?

कर्नाटकात घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली जो संरक्षण अधिकारी असतो, ते काम तालुक्याच्या सीडीपीओंकडे आहे, म्हणजे अंगणवाड्या ज्यांच्या हाताखाली चालतात त्या अधिकाऱ्यांकडे. मला हे माहीत नव्हतं, आणि टीचरना माहीत असूनही त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारत नाही. २००५ चा हा कायदा. त्याच्या चौथ्या कलमात म्हटलंय की, अशी हिंसा होतेय असं वाटलं तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. पंचायत सदस्याला तर हे पाठ पाहिजे. ‘उद्या ते माझ्यावरच केस घालतील’ ही भीती मी आमच्या कितीतरी सदस्यांच्या तोंडून ऐकलीय.

तिच्या संमतीनं टीचरनी सुपरवायझरना फोन केला आणि आम्ही बेळगावला निघालो. बसमध्येच पहिली अडचण उभी. शक्ती योजना सुरू झाल्यापासून, म्हणजे जून २०२३ पासून, आमच्या बायका सरकारी बसनं फुकट जातात. पण ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता लागतो. हिचं आधार अजून माहेरचं, चंदगडच्या पत्त्याचं. कंडक्टरनं तिकीट फाडलं. तिच्याकडे पैसे नव्हते, म्हणून मी काढलं, आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली. मग हळूहळू कळत गेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवऱ्यानं आधारवरचा पत्ता बदलू दिला नव्हता. रेशन कार्डात नाव नाही. राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार येतात ते कुटुंबप्रमुख बाईच्या, म्हणजे सासूच्या खात्यात. ते नियमानं बरोबरच आहे. भांगलणीची, रताळी काढणीची मजुरीही सासूच घेते. हिच्या नावाचं बँक खातं माहेरच्या गावात, त्यात लग्नाआधीचे काजू कारखान्यातले थोडे पैसे पडून. म्हणजे ही बाई आमच्या गावात राहते याचा सरकारी दप्तरात एकही पुरावा नव्हता.

इथं मला पंचायतीचं काम सापडलं. आधारवरचा पत्ता बदलायला एक ठरावीक नमुन्याचा दाखला चालतो, आणि खेड्यात तो ग्रामपंचायतीचा प्रमुख किंवा सचिव देऊ शकतो. आमच्या अध्यक्षबाई तशा नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाहीत. मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्या शेणकूट थापत होत्या. त्यांनी हात धुतले, चष्मा मागवला, कागद पूर्ण वाचला. नवरा आतून विचारत होता, कसला कागद आहे म्हणून. ‘पत्त्याचा,’ एवढंच बोलल्या आणि सही केली. खोटं काही बोलल्या नाहीत. जो शिक्का समजुतीच्या कागदावर बसला होता, तोच या कागदावर बसला.

सीडीपीओ कार्यालयात कौटुंबिक घटना अहवाल भरतात. तिथं सगळे डीआयआर म्हणतात. मला वाटलं होतं, कधी मारलं, कशानं मारलं, एवढं विचारतील. पण फॉर्ममध्ये मारहाणीबरोबर शिवीगाळ, हुंडा, मुलगीच झाली म्हणून टोमणे, मजुरी काढून घेणं, दागिने गहाण टाकणं, घरातल्या वस्तू वापरू न देणं, या सगळ्याला वेगवेगळी जागा आहे. मजुरीचं विचारल्यावर ती थबकली. ‘हे पण लिहायचं?’ तिला तो गुन्हा वाटतच नव्हता, घरोघरी चालतं ते. तारखा तिला आठवेनात. मग टीचरनी हजेरीपट काढायची युक्ती केली. मुलगी कोणत्या दिवसांत आली नव्हती ते बघायचं आणि त्या दिवसांत घरी काय झालं होतं ते तिनं आठवायचं. गणपतीनंतरचा आठवडा, शिवरात्रीचा आदला दिवस, अशा बऱ्याच तारखा जुळल्या.

अहवाल कानडीत टाइप झाला. मला कानडी वाचता येतं, तिला येत नाही. सही करण्याआधी ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवा असं मी म्हटलं, आणि त्या मॅडमनी खळखळ न करता वाचून दाखवलं. दोन ठिकाणी दुरुस्ती निघाली. या भागातल्या प्रत्येक बाईनं हे मागितलंच पाहिजे. अहवालाची एक प्रत पोलीस ठाण्याला जाते. त्या ठाण्यात पुढे तिला ‘एवढ्यासाठी कशाला कोर्ट, घरी बसून मिटवा’ असा सल्ला मिळाला. मी सोबत होते म्हणून तो सल्ल्यावरच थांबला.

मग भाऊ आला. त्याचं म्हणणं केस चंदगडला घालायची, तिथं आपली माणसं आहेत, आपली भाषा आहे. त्याचंही चूक नव्हतं. बाई कायमची किंवा तात्पुरती जिथं राहते, नवरा जिथं राहतो, किंवा प्रकार जिथं घडला, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मिळालेला आदेश देशभर चालतो. सत्ताविसावं कलम. म्हणजे ती माहेरी असती तर चंदगडहूनही आदेश आणून आमच्या गावात लावता आला असता. सीमाभागात हे फार कमी जणांना माहीत आहे. ‘कर्नाटकात दिलेली पोरगी, आता तिकडचंच कोर्ट’ असं धरून बसतात आणि पोरगी मार खात राहते. हे सगळं समजावलं ते जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणानं दिलेल्या वकीलबाईंनी. बाईला तिचं उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यानं. १५१०० वर फोन केला तरी चालतो.

शेवटी बेळगावच ठरलं, आणि ते तिनं ठरवलं. ‘घर इथं, पोरगी इथं शिकते. मी का जाऊ?’ त्याला तुरुंगात घालायचं तिच्या मनात नव्हतं; नोकरी गेली तर खायचं काय, ही चिंता. या कायद्यात अर्ज केला म्हणजे नवरा लगेच आत जातो असं नाही, हे ऐकल्यावर ती मोकळेपणानं बोलू लागली. फौजदारी तक्रारीची वाट वेगळी आहे, पूर्वीचं ४९८अ, आता भारतीय न्याय संहितेचं ८५ वं कलम. ती वाट नंतरही उघडी राहते. आधी संरक्षणाचा आणि राहण्याचा आदेश मागायचा असं ठरलं.

अर्ज दाखल होऊन आदेश हातात पडेपर्यंतचे दिवस सगळ्यांत अवघड. नोटीस घरी गेली की खवळणारच, हे सगळ्यांना दिसत होतं. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असं म्हटलंय; लागायला जास्त वेळ गेला. बेळगावच्या सखी केंद्रात, म्हणजे अडचणीतल्या बायकांसाठीच्या सरकारी केंद्रात, पाच दिवसांपर्यंत राहता येतं, तिथं ती मुलीला घेऊन राहिली. त्यानंतर गावात बायकांच्या संघातल्या एका विधवा म्हातारीनं खोली दिली. म्हातारी भलतीच खमकी. दारात कोयता टेकवून ठेवायची आणि विचारलं की म्हणायची, गवत कापायला. पंचायतीनं तेवढ्या दिवसांत काय केलं? त्या बोळातला बंद पडलेला दिवा लावला. वॉटरमन पहाटे पाणी सोडायला फिरतो, त्याला म्हातारीच्या दारावरून जायला सांगितलं. आणि तिचे कागद, मेडिकलची प्रत, मुलीचा जन्मदाखला, सगळं पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, कपाटात कुलपात ठेवलं, कारण असे कागद घरात असले की पहिल्यांदा चुलीत जातात. आमच्या हद्दीतल्या वाड्यांवर मोबाइल कधी कर्नाटकचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्राचा, म्हणून ठाण्याचा थेट नंबर तिला तोंडपाठ करायला लावला.

अंतरिम आदेश आला. नवऱ्यानं मारहाण करायची नाही, तिला घरातून काढायचं नाही, मागची पडवी आणि लगतची खोली तिच्या वापरासाठी, महिन्याला ठरावीक रक्कम, आणि घर विकायचं किंवा दुसऱ्याच्या नावावर करायचं नाही. घर सासूच्या नावावर आहे, सुनेचा काय संबंध, असं समोरून म्हणणं आलं होतं. पण नवऱ्याच्या नातेवाइकाच्या मालकीचं घर असलं तरी सून जिथं संसार करत होती तिथं तिला राहण्याचा हक्क मागता येतो, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय. वकीलबाईंनी तो समजुतीचा कागदही जोडला. हात उचलणार नाही असं नवऱ्यानं सहीनिशी लिहून दिलंय, म्हणजे आधी उचलत होता हे आलंच. पंचांनी केलेला तेवढा एकच उपयोग.

पण आदेशात नळाचं काही लिहिलं नव्हतं. सासूनं पुढच्या अंगणातल्या नळाभोवती पत्रा ठोकला आणि त्याला कुलूप घातलं. हिनं पाणी कुठून आणायचं? सार्वजनिक बोअरवरून, अर्ध्या गावाच्या नजरेसमोरून, घागर डोक्यावर घेऊन. मी पीडीओंना म्हटलं, पडवीला वेगळी नळजोडणी द्या. ते म्हणाले, घरमालकाची संमती लागते. मी आदेशाची प्रत पुढे ठेवली. त्यांनी दोन दिवस विचार केला, आणि मग वॉटरमनला पाठवून मागच्या बाजूनं पाइप ओढून दिला. पाणीपट्टीची पावती तिच्या नावानं निघू लागली. ती पावती ती जपून ठेवते. गावात राहत असल्याचा तिच्या नावाचा आणखी एक कागद झाला.

पुढे थोड्याच दिवसांत चुलत सासऱ्यानं घराचा उतारा दिराच्या नावावर करायचा अर्ज आणला. पीडीओंनी फाइल उघडून आदेश दाखवला आणि अर्ज परत केला. आदेशाची प्रत पोलिसांकडे आपोआप जाते, पंचायतीकडे जात नाही. ती आपण नेऊन दप्तरी लावून घ्यायची असते.

हे सगळं झाल्यावर मी मासिक बैठकीत विषय मांडला. तिचं नाव न घेता. नाव प्रोसिडिंग बुकात गेलं की उद्या कुणीही त्याची नक्कल मागू शकतो, हे मी आधीच सगळ्यांना बजावलं होतं. सामाजिक न्याय समिती प्रत्येक पंचायतीत असते, बायका-मुलांच्या कल्याणाचं काम तिच्याकडेच येतं, पण आमची समिती कागदावरच होती. एक जण म्हणाला, ‘दारूमुळं होतं हे सगळं, गोव्याची बाटली बंद करा.’ बाटली बंद व्हायलाच पाहिजे, चोर्ल्याच्या घाटातून काय काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण हा माणूस प्यायल्यावर फौंड्रीतल्या मुकादमावर कधी धावून गेल्याचं ऐकलं नाही. दुसरा म्हणाला, घरातल्या भानगडीत पंचायतीनं कशाला पडायचं. डिसेंबर २०२३ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या एका गावात, मुलगा मुलीला घेऊन पळाला म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं होतं. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, आणि बघत उभ्या राहिलेल्या गावालाही सुनावलं. मी त्याची आठवण करून दिली. त्यावर कुणी काही बोललं नाही, चहा आला.

ठराव झाला, पण मला पाहिजे होता तेवढा नाही. नवरा-बायकोच्या तडजोडीच्या कागदावर पंचायतीच्या पदाधिकाऱ्यानं सही-शिक्का करायचा नाही, हे मान्य झालं. बाई एकटी आली तरी नवऱ्याची संमती न विचारता पत्त्याचा दाखला द्यायचा, हेही झालं. अडचणीतल्या बाईला तातडीचा खर्च, बसभाडं, औषध, यासाठी पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून थोडी रक्कम बाजूला ठेवावी, हे मात्र बारगळलं. नंबर लिहिण्यावरूनही वाद झाला. बायकांच्या मदतीचा १८१, पोलिसांचा ११२ आणि फुकट वकिलाचा १५१०० हे पंचायतीच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे असं पुरुष सदस्यांचं म्हणणं. दर्शनी भिंतीसमोर उभी राहून कुठली बाई नंबर वाचणार? शेवटी अंगणवाडीत आतल्या भिंतीवर आणि पिठाच्या गिरणीत लिहिले. दळण होईपर्यंत बाईला उभं राहायला कारण असतं.

कायद्यात साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. तिच्या तारखा अजून पडताहेत. पोटगी सुरुवातीला आली, मग थांबली. आता वकीलबाईंनी वेगळा अर्ज दिलाय, की फौंड्रीच्या मालकानं पगारातून रक्कम कापून थेट तिला द्यावी. न्यायदंडाधिकाऱ्यांना तसा आदेश देता येतो. त्यासाठी पगाराचा पुरावा लागणार, तो मिळवायची खटपट चालू आहे. नरेगाचं जॉब कार्ड तिच्या एकटीच्या नावानं करून घेतलं, बँक खातं बेळगावात उघडलं, मजुरी आता तिच्याच हातात येते. बसमध्ये तिकीट लागत नाही. सासू बोलत नाही, नात मात्र पडवीतून पुढच्या घरात दिवसभर ये-जा करते.

आमच्या पंचायतीची पाच वर्षांची मुदत होती. पुढे माझी जागा राखीव राहील की नाही, कुणाला ठाऊक. पुढच्या तारखेला तिच्याबरोबर मी किंवा टीचर, दोघींपैकी कुणीतरी जाऊ.